‘ताडोबा केला’ म्हणजे काय केलें?

समाजाच्या मनाची ठेवण ओळखावयाची असेल तर त्याचे ग्रंथ पाहण्यापूर्वीं त्याचीं क्रियापदें पाहावीं, असें आम्हांस पुष्कळदां वाटतें. आपल्या पणजोबांच्या तोंडीं ‘काशी केली’, ‘चारी धाम केले’, ‘पंढरी केली’ असे प्रयोग असत. त्या ‘केली’मध्यें खरोखरच कांहीं करणें असे. वाटेंत पाळावयाचे नियम असत, क्षेत्रीं पोंचल्यावर स्नान, दान, श्राद्ध असे, आणि घरीं परतल्यावर गांवाला मावंदें घालावें लागे. जाणारा जातांनाही कोणाचा तरी देणेकरी असे व येतांनाही असे. आज त्याच क्रियापदाचा प्रयोग आमच्या सुशिक्षित कुटुंबांत नव्या कर्मांसह चालू आहे. ‘काश्मीर केलें’, ‘युरोप केला’, आणि आमच्या जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर ‘ताडोबा केला’. केला म्हणजे काय केलें, असें विचारलें तर उत्तर मिळतें, दोन फेऱ्या झाल्या, तीन वाघ दिसले. दिसण्यांत करण्यासारखें काय आहे, हें मात्र कोणी सांगत नाहीं.

हा केवळ व्याकरणाचा खल आहे, असें वाचकांनीं समजूं नये. शब्दाचा अर्थ ज्या मापाचा, त्याच मापाचें धोरण आंखलें जातें. पर्यटन म्हणजे जाणाऱ्याची करमणूक एवढाच अर्थ आपण धरला, तर रस्ता, निवास, उपाहारगृह व प्रवेशपत्र यांची सोय झाली कीं काम संपलें. आणि ज्या भूमीवर ती करमणूक व्हावयाची, तेथील माणूसही त्या सोयींपैकीं एक सोय होऊन बसतो, किंवा सोयीला उपयोगी नसेल तर हिशेबांतून गळतो. आमच्या ब्रह्मपुरीच्या आसमंतांत हें प्रत्यक्ष घडत आहे. म्हणून या शब्दाचा जमाखर्च एकदां चारचौघांसमोर मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दाकडे वळूं. ‘अट्’ म्हणजे फिरणें, भटकणें. या एका धातूपासून आपल्याकडे तीर्थाटन, देशाटन आणि भिक्षाटन हे तीन जुने शब्द आहेत. या तिन्हींत फिरणाऱ्यासमोर दुसरें कोणी तरी उभें आहे. भिक्षाटनांत दार उघडणारी गृहिणी आहे, तीर्थाटनांत क्षेत्र व त्याचा उपाध्याय आहे, देशाटनांत त्या त्या देशाचा लोक आहे. मोरोपंतांची म्हणून जी आर्या आपण लहानपणीं पाठ केली, तिनें देशाटनाला पंडितांच्या मैत्रीच्या व सभेंतील वावराच्या पंक्तीला बसविलें तें याच कारणानें. चातुर्य येतें तें माणसांच्या संगतीनें, मैलांच्या संख्येनें नव्हे. ‘पर्यटन’ हा या भावंडांतला चौथा. त्याच्या पाठीशीं तीर्थ नाहीं, देश नाहीं, भिक्षाही नाहीं. आहे तो केवळ ‘परि’ हा उपसर्ग, म्हणजे सभोंवार. इंग्रजींतील ‘टूर’ हा शब्दही ग्रीक व लॅटिन मुळांकडे नेला तर वर्तुळ काढण्याच्या हत्याराशीं जाऊन पोंचतो. वर्तुळावर चालणाऱ्याचें वैशिष्ट्य असें कीं तो निघाला तेथेंच परत येतो, आणि मधल्या बिंदूला त्याचा पाय कधींच लागत नाहीं.

पुढें या शब्दाला शास्त्रीय व्याख्या लाभल्या. १८४१ च्या जुलैंत टॉमस कुक या इंग्रज गृहस्थानें लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारें पांचशें माणसें आगगाडीनें नेलीं आणि आधुनिक सहलीच्या धंद्याचा आरंभ झाला, असें मानतात. तेव्हांचें निमित्त मद्यपाननिषेधाच्या मेळाव्याचें होतें. धंदा वाढला तशी मोजदादीची गरज पडली. १९३७ सालीं राष्ट्रसंघाच्या आंकडेतज्ज्ञांनीं ठरविलें कीं आपला राहता देश सोडून दुसऱ्या देशांत निदान चोवीस तास राहणारा तो पर्यटक. १९६३ सालीं रोम येथील परिषदेनें त्याहून कमी काळ राहणाऱ्यास निराळें काढलें. १९९३ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानें व्याख्या मान्य केली तिचा आशय असा: आपल्या नित्याच्या परिसराबाहेर, सलग एक वर्षाहून अधिक नाहीं इतक्या काळासाठीं, विश्रांति, व्यवसाय किंवा अन्य हेतूनें प्रवास करून राहणाऱ्या व्यक्तींचे व्यवहार म्हणजे पर्यटन, मात्र ज्या ठिकाणीं गेलों तेथूनच मोबदला मिळविणें हा हेतु नसावा.

व्याख्या नेटकी आहे, व्यापकही आहे. तिच्यांत पंढरीचा वारकरी बसतो, बहिणीकडे भाऊबीजेला गेलेला भाऊ बसतो, मुंबईच्या कचेरींत कामाला गेलेला व्यापारीही बसतो. बसत नाहींत ते आमचे विष्णुभट गोडसे. १८५७ सालीं वरसईहून ते उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले ते दक्षिणा मिळविण्याच्या हेतूनें, आणि दोन वर्षांहून अधिक काळ घराबाहेर राहिले. हेतूंतही नापास आणि मुदतींतही नापास! मराठींतील ज्या प्रवासवृत्तानें झांशीचा वेढा आंतून पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांनीं दाखविला, त्याचा कर्ता या व्याख्येच्या दारांतून आंत येऊं शकत नाहीं. आणि मोटारीच्या कांचेंतून वाघाचें छायाचित्र काढून सायंकाळीं नागपूरच्या उपाहारगृहांत जेवणारा मात्र पहिल्या पंक्तीला बसतो.

परंतु आमचा मुख्य आक्षेप हा नव्हे. या साऱ्या व्याख्यांत कोण गेला, किती दूर गेला, किती दिवस राहिला, कशासाठीं गेला हें सर्व आहे. कोणाकडे गेला हें कोठेंच नाहीं. ‘नित्याचा परिसर’ हा शब्दप्रयोग पाहावा. जाणाऱ्याच्या दृष्टीनें जो परिसर नित्याचा नाहीं, तो दुसऱ्या कोणाचा तरी नित्याचाच असतो. ज्या ठिकाणीं आपण चार दिवस हवापालट करण्यास जातों तेथें दुसऱ्याची चूल पेटलेली असते. या दुसऱ्याला व्याख्येंत जागा नाहीं. तो असला काय आणि नसला काय, पर्यटन पूर्ण होतें.

व्याख्याकारांना ही गोष्ट सुचलीच नव्हती असें मात्र नाहीं. १९४२ सालीं हुन्झिकर व क्राफ या दोन स्विस विद्वानांनीं पर्यटनाची व्याख्या करितांना प्रवासाबरोबर त्यांतून उत्पन्न होणाऱ्या ‘संबंधां’चा स्पष्ट उल्लेख केला होता. संबंध म्हटला कीं दोन बाजू आल्या. पण संबंध मोजतां येत नाहीं आणि रात्री मोजतां येतात. म्हणून पुढच्या हिशेबनिसांनीं संबंध सोडून दिला व रात्री ठेवल्या.

येथें कोणी म्हणेल कीं, व्याख्या ही आंकडे जमविण्याकरितां असते. तिच्याकडून नीतीची अपेक्षा कशाला? आमचें उत्तर असें कीं, जें मोजलें जातें त्याचाच पुढें विचार होतो. वर्षाला किती माणसें आलीं आणि किती पैसा पडला हे दोन आंकडे ज्या वहींत आहेत, ती वही पाहून रस्ता कोठें न्यावा हें ठरतें. तिसरा रकाना त्या वहींत नाहीं, म्हणून तिसरा प्रश्न कोणाला पडत नाहीं. तो तिसरा रकाना कसला, हें ब्रह्मपुरीवरून दाखवितां येईल.

ब्रह्मपुरी हें चंद्रपूर जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यांतलें तालुक्याचें गांव. पूर्वेस वैनगंगा, नदीपलीकडे वडसा व आरमोरी. १९८२ सालीं चंद्रपुरांतून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हांपासून तो परजिल्हा झाला, एरवीं लोक एकच. धानाच्या बांध्या, त्यांना लागून जंगल, जंगलाला लागून पुन्हां बांध्या, अशी येथील रचना. या वनविभागांतील बहुतेक जंगल राष्ट्रीय उद्यान नाहीं. तें साधें प्रादेशिक वन आहे. नागभीड तालुक्यांतील घोडाझरीला २०१८ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला, तो अपवाद. पश्चिमेकडील ताडोबांत वाढलेले वाघाचे तरुण बच्चे आपापला मुलूख शोधीत याच जंगलांतून उमरेड-कऱ्हांडल्याकडे व नवेगाव-नागझिऱ्याकडे जातात आणि पुष्कळसे येथेंच राहतात. २०२२ च्या गणनेंत महाराष्ट्रांत ४४४ वाघ मोजले गेले, त्यांतला मोठा वांटा आमच्या या जिल्ह्याचा. मे २०२३ मध्यें तर ब्रह्मपुरीकडील दोन वाघिणी पकडून नागझिऱ्यांत नेऊन सोडण्यांत आल्या. वाघांनाच परगांवीं पाठविण्याची पाळी यावी, इतकी येथें त्यांची दाटी झालेली आहे.

या जंगलांत दोन प्रकारचीं माणसें शिरतात. एक उघड्या जिप्सींतून, प्रवेशशुल्क व भाडें मिळून एका फेरीला कित्येक हजार रुपये मोजून, बरोबर वाटाड्या घेऊन. त्याला वाघ दिसला नाहीं तर तो खट्टू होतो. दुसरा पायीं शिरतो. चैत्रांत मोहफुलें वेचावयास, वैशाखांत तेंदूपत्ता तोडावयास, बारमाही सरपणाला किंवा ढोरांमागें. त्याला वाघ दिसला तर तो घरीं परतेलच असें नाहीं. मे २०२५ मध्यें सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत प्राणास मुकल्या. तेंदूपत्त्याचा मोसम म्हणजे उन्हाळ्याचा मोसम, आणि पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतो म्हणून पर्यटकांचाही भर उन्हाळ्यांतच. एकाच महिन्यांत, एकाच जिल्ह्यांत, एकाच प्राण्याचें दर्शन एकाला सुटीचें सार्थक वाटतें आणि दुसऱ्याच्या घरीं तेराव्याची तयारी चालते. व्याख्येच्या हिशेबांत यांतली पहिलीच घटना नोंदली जाते.

आम्ही वाघाच्या विरुद्ध आहोंत, असा अर्थ कृपा करून कोणीं काढूं नये. वाघ येथें राहिला हें आम्हांस भूषणच आहे. पण तो कोणाच्या जिवावर राहिला याचा उच्चार व्हावा, एवढें आमचें म्हणणें. वाघाचे आईबाप, आजे-पणजे व त्यांचे मुलूख तोंडपाठ असलेले गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. ‘माया’ कोठें फिरे आणि ‘मटकासुर’ कोणाशीं झुंजला हें ते घरच्या मंडळींच्या जिव्हाळ्यानें सांगतात. ज्या गांवावरून त्यांची जिप्सी आंत शिरली त्या गांवाचें नांव विचारलें तर मात्र ते गोंधळतात.

याहून एक मोठी विसंगति आहे. ताडोबा हें नांवच मुळीं एका माणसाचें आहे. तारू नांवाचा गांवप्रमुख वाघाशीं झुंजतांना पडला, लोकांनीं तळ्याकांठीं त्याचें ठाणें मांडलें, तोच ताडोबा देव झाला, अशी तेथील गोंडांची परंपरागत कथा. वाघाकडून मेलेल्या मनुष्याचें स्मरण लोकांनीं पिढ्यानुपिढ्या देव म्हणून जपलें. १९५५ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें, १९८६ सालीं शेजारीं अंधारी अभयारण्य झालें, १९९५ सालीं दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. आणि या प्रवासांत नांव तारूचें राहिलें, पण दर्शनाला लोक येऊं लागले ते वाघाच्या. ताडोबा ‘करून’ आलेल्यांपैकीं किती जणांना ताडोबा कोण हें ठाऊक असेल?

व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यांतून २००७ सालीं बोटेझरी व त्यानंतरच्या वर्षांत नवेगाव, जामणी हीं गांवें बाहेर हलविण्यांत आलीं. त्या स्थलांतराचें बरेंवाईट हा निराळा विषय आहे. येथें फक्त व्याख्या लावून पाहावी. उद्यां जामणीचा एखादा म्हातारा आपल्या जुन्या घराची जागा नातवाला दाखवावी म्हणून तेथें गेला, तर ती जागा आतां त्याच्या नित्याच्या परिसराबाहेर असल्यामुळें तो शास्त्रानुसार प्रेक्षकांच्याच वर्गांत पडेल. त्याच्यांत आणि पुण्याहून आलेल्या प्रवाशांत व्याख्येला भेद दिसणार नाहीं. ज्या व्याख्येला घरमालक आणि पाहणारा यांतला फरक सांगतां येत नाहीं, ती व्याख्या आम्ही अपुरी म्हणतों.

नागपूरहून ताडोबाच्या कोलारा दारीं जाणाऱ्या मोटारी उमरेडवरून चिमूरला येतात. तेथें चहा होतो. १९४२ च्या १६ ऑगस्टला याच चिमूरनें परकीय सत्तेविरुद्ध उठाव केला, आणि त्याची जबर किंमत गांवानें नंतर मोजली. देशाच्या इतिहासांत ज्याला पान आहे असें गांव प्रवासपत्रिकेंत केवळ चहाचा मुक्काम ठरावें, हा दोष एकट्या प्रवाशाचा नव्हे. त्याला लहानपणापासून पर्यटनाचा जो अर्थ शिकविला गेला, त्यांत पाहण्याच्या वस्तु होत्या, भेटावयाचीं माणसें नव्हतीं.

आतां याच प्रदेशांतील दुसरें येणेंजाणें पाहावें. धान निघून घरांत आलें कीं दिवाळीपासून आमच्या झाडीपट्टींत मंडईंना सुरुवात होते. गांवोगांव शंकरपट भरतात, दंडार, खडीगंमत होते, आणि रात्रीं नाटक. वडसा हें या नाटकमंडळ्यांचें माहेरघर; नदीच्या अलीकडे ब्रह्मपुरीपासून तें हांकेच्या अंतरावर. रात्रीं दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटेस पडतो. परशुराम खुणे या झाडीपट्टी रंगभूमीच्या कलावंतास २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां बाहेरच्या महाराष्ट्राला या रंगभूमीचें नांव कळलें. येथें ती पिढ्यानुपिढ्या हजारों माणसें रात्रभर जागवीत आहे.

नाटकाच्या दिवशीं गांवांत कोण असतें? गांवांतल्या घराघरांत पाहुणे असतात. लेकी माहेरीं येतात, जांवई येतात, भाचरें येतात, साडू-मेहुणे येतात. कोणाच्या घरीं कोण उतरला हें साऱ्या गांवाला ठाऊक असतें. दिवसां शंकरपट, सायंकाळीं जेवण, रात्रीं नाटक, आणि मधल्या वेळांत सोयरिकीचीं बोलणीं, बियाण्यांची देवघेव, रुसव्याफुगव्यांचा निकाल. आज आलेल्या पाहुण्याच्या गांवीं पुढच्या पंधरवड्यांत नाटक असतें, तेव्हां यजमान पाहुणा होतो व पाहुणा यजमान. हे लोकही नित्याच्या परिसराबाहेर जातात, रात्र काढतात, करमणूक करून घेतात. व्याख्येप्रमाणें हें सोळा आणे पर्यटन आहे. परंतु आमच्या सुशिक्षितांच्या बोलण्यांत किंवा प्रवासपत्रिकांत ‘ब्रह्मपुरीचें पर्यटन’ म्हटलें कीं हें कोणाच्या मनांतही येत नाहीं, वाघच येतो. व्याख्या रुंद आहे पण तिच्यांत यजमान नाहीं. रूढ अर्थांत यजमान तर नाहींच, शिवाय तो अरुंदही आहे.

महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यांतील मार्कंड्याला जी यात्रा भरते तिचेंही असेंच. वैनगंगा तेथें उत्तरवाहिनी होते, कांठावर कोरीव शिल्पांनीं मढलेला जुना मंदिरसमूह उभा आहे. शिल्प पाहावयास येणारा विद्वान आणि नदींत बुडी मारावयास येणारी शेतकरीण एकाच वाळवंटांतून चालतात. विद्वानापाशीं टिपणवही असते. शेतकरणीपाशीं त्या जागेचें कांहीं देणें असतें. तें फेडावयास ती आलेली असते. तीर्थाटनाला आम्ही भाबडेपणानें सोंवळें ठरवीत नाहीं. बडव्यांची लूट, उपाध्यायांची ओढाताण, क्षेत्रांतली घाण, हें सर्व आपल्याला ठाऊक आहे. पण तेथील लुटींतसुद्धां दोन पक्ष समोरासमोर असतात, आणि लुटला गेलेला यात्रेकरू निदान भांडूं शकतो. कांचेआडून पाहणाऱ्याचें आणि पाहिल्या जाणाऱ्याचें भांडणही होत नाहीं, इतका त्यांचा संबंध तुटलेला असतो.

यावर विकासवाद्यांचें उत्तर ठरलेलें आहे. पर्यटनानें पैसा येतो, मोहर्ली व कोलारा येथील तरुण वाटाडे झाले, जिप्सी चालवूं लागले, बायकांना निवासांत काम मिळालें. हें तुम्हांला नको काय? हवें आहे, आणि तें आम्ही नाकबूल करीत नाहीं. जंगलाच्या दारावरचा एखादा वाटाडा पक्ष्याच्या एका सादेवरून वाघाची चाल ओळखतो; त्याच्या विद्येला मोल मिळालें ही चांगली गोष्ट झाली. परंतु दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. पहिली अशी कीं हा पैसा दारापाशीं पडतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड येथील ज्या शेतांत वाघ रात्रीं फिरतो तेथें दार नाहीं, तिकीट नाहीं, म्हणून वांटाही नाहीं. वाघ कुंपण ओळखत नाहीं, महसूल मात्र नेमका ओळखतो. दुसरी अशी कीं मजुरी मिळणें आणि यजमानपण मिळणें या भिन्न गोष्टी आहेत. स्वतःच्या घरांत पगारावर ठेवलेल्या माणसाला घरधनी कोणी म्हणत नाहीं.

दुसरें एक उत्तर असें देतात कीं पर्यटकाच्या पैशानें व कौतुकानेंच वाघ वांचला. तो नसता तर शिकाऱ्यांनीं केव्हांच संपविला असता. या म्हणण्यांत तथ्यांश आहे. २०१२ च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यांत पर्यटन थांबविलें आणि ऑक्टोबरांत नियम घालून तें पुन्हां सुरू होऊं दिलें, तेव्हांही हा युक्तिवाद जोरानें केला गेला. परंतु ब्रह्मपुरीचें उदाहरण त्याच्या आड येतें. ताडोबांतून बाहेर पडलेला वाघ येथें आला, तो कोणत्याही जिप्सीच्या पहाऱ्याशिवाय येथें नांदला, वाढला. तो शेतकऱ्याच्या बांधावर वाढला. ज्याची गाय गेली, ज्याचा बाप गेला, त्यानें सूड न घेतां त्याला राहूं दिलें, क्वचित् संतापाचा उद्रेक झाला असेल तो वेगळा. वाघाचा खरा आश्रयदाता कोण, याचें उत्तर या जंगलानें देऊन ठेवलें आहे. ब्रह्मपुरीचा वाघ तिकिटावर जगलेला नाहीं.

मग आमची व्याख्या कोणती? खंडन करणारानें मंडनही केलें पाहिजे, हा वादाचा जुना दंडक आहे. आमच्या मतें, आपल्या नित्याच्या वस्तींतून निघून दुसऱ्याच्या वस्तींत, त्या वस्तीच्या संमतीनें कांहीं काळ राहणें, तिच्या सुखदुःखाची ओळख करून घेणें, आणि तिचें कांहीं तरी देणें लागतों या जाणिवेनें परतणें, याला पर्यटन म्हणावें. एवढें ज्यांत नाहीं त्या फिरण्याला दुसरें नांव शोधावें. प्रेक्षण म्हणावें, विहार म्हणावें, वाटल्यास चैन म्हणावें. चैन करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. चैनीला विद्येचें किंवा परोपकाराचें नांव देऊं नये, एवढेंच म्हणतों.

या व्याख्येची कसोटीही सोपी आहे. आलेल्या माणसाला तेथील लोक कोणत्या नांवानें ओळखतात तें पाहावें. झाडीपट्टींत नाटकाला आलेला ‘पाहुणा’ असतो, मार्कंड्याला आलेला ‘यात्रेकरू’ असतो. जेथें त्याचें नांव केवळ ‘गिऱ्हाईक’ किंवा ‘साहेब’ एवढेंच उरलें, तेथें पर्यटन संपून व्यवहार तेवढा राहिला असें खुशाल समजावें.

संमतीची अट ऐकून पुष्कळांना हंसूं येईल. जंगल सरकारचें, रस्ता सरकारचा, मग संमति कोणाची मागावयाची? याचें उत्तर आमच्याच शेजारच्या गांवांनीं दिलें आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभेचा जंगलावरील सामूहिक हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्याच्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गांवानें तो २००९ सालीं मिळविला; तेथें अभ्यासगटांची परंपरा त्याहूनही जुनी आहे, आणि देशांतून येणारीं माणसें तेथें येतात तीं बसून ऐकावयास. आमच्या जिल्ह्यांतील गोंडपिंपरी तालुक्याच्या पाचगावनें २०१२ सालीं तसाच हक्क मिळविल्यावर एक विलक्षण गोष्ट केली. तेंदूपत्त्यासाठीं झाडें छाटावीं लागतात, आगी लागतात, म्हणून त्या गांवानें त्या उत्पन्नावर आपण होऊन पाणी सोडलें व बांबूवर गुजराण बसविली. हातचा पैसा सोडून जंगलाचें हित पाहणारी ग्रामसभा जर आपल्यांत आहे, तर आपल्या रानांत किती पाहुणे यावे, केव्हां यावे, कोणत्या वाटेनें यावे हें ठरविण्याचा अधिकार तिला देण्यांत भय कसलें? मोहाच्या दिवसांत अमुक भागांत जिप्सी नको, असें गांव म्हणालें तर त्यांत अडाणीपणा कोणता? आणि पाहुण्यांच्या पैशांतला एक हिस्सा जेथें वाघ फिरतो पण जिप्सी जात नाहीं अशा गांवांच्या गोठ्यांना, कुंपणांना व घरोघरच्या इंधनाला मिळावा, असें कोणी मागितलें तर तें भीक मागणें नव्हे. तें येणें वसूल करणें होय.

आमच्या वाचककुटुंबांस आमचें सांगणें थोडकें आहे. मुलांना घेऊन अवश्य फिरा. घरीं बसून कोणाचें मन मोठें झालेलें नाहीं. पण निघण्यापूर्वीं नकाशावर जेवढा वेळ घालवितां त्याच्या चौथाई वेळ त्या प्रदेशाच्या माणसांविषयीं वाचण्यांत घालवा. ताडोबाला जाणार असाल तर तारूची कथा मुलांना सांगा. चिमूरला उतराल तेव्हां चहाबरोबर १९४२ ची आठवण काढा. शक्य असेल तर हिंवाळ्यांत या, वडसा-ब्रह्मपुरीकडे एक रात्र नाटकाला बसा. भाषा झाडीची असली तरी हंसूं आणि रडूं तुमच्या ओळखीचें आहे. आणि परत गेल्यावर मित्रांनीं किती वाघ दिसले असें विचारलें, तर त्याबरोबर हेंही सांगा कीं त्या वाघांच्या शेजारीं अमुक गांवचे लोक राहतात, ते असें असें जगतात, आणि त्यांची अमुक तक्रार सरकारपर्यंत पोंचावयाची राहिली आहे. शहरांतल्या सुशिक्षिताच्या शब्दाला वजन असतें. त्यानें तें वजन ज्याच्या रानांत चार दिवस काढले त्याच्या बाजूनें एकदां टाकावें. काशीहून परतलेला पूर्वीं गांवाला मावंदें घालीत असे. आजचें मावंदें हें आहे.

शासनाकडेही आमचें एकच मागणें आहे. पर्यटनाच्या वहींत आलेल्या माणसांचा एक रकाना आहे, आलेल्या पैशाचा एक रकाना आहे. त्यांच्या शेजारीं तिसरा रकाना आंखावा, आणि त्यांत त्या त्या वर्षीं त्या त्या गांवानें पाहुण्यांसाठीं व पाहुण्यांच्या आवडत्या प्राण्यासाठीं काय सोसलें हें लिहावें: किती ढोरें गेलीं, किती माणसें गेलीं, किती दिवस रानांत जातां आलें नाहीं, किती मोह जमिनीवर तसाच वाळला. हा रकाना भरूं लागला म्हणजे पर्यटनाची व्याख्या दुरुस्त करण्यास कोणत्याही विद्वानाची गरज पडणार नाहीं. वही उघडणाऱ्याला ती आपोआप दिसेल.